कष्ट वेगळे, धोका वेगळा: समुद्रकाठच्या माणसाची हिमालयाची तयारी

रात्री म्हापशात हुमण-शीत जेवून मोपाहून दिल्लीचे विमान धरले आणि तिथून पहाटेचे लेहचे विमान गाठले, तर गोव्याचा माणूस दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी सुमारे ३,५०० मीटर उंचीवर उभा असतो. गोव्यातले सर्वांत उंच शिखर म्हणजे सत्तरीतला सोसोगड, आणि त्याचीही उंची १,२०० मीटरांच्या आतच भरते. म्हणजे तीन सोसोगड एकावर एक ठेवावेत इतकी चढण आपण एका झोपेत उरकलेली असते आणि शरीराला त्याची वर्दीही पोचलेली नसते. पायी जाणारे इतक्या झटक्यात वर चढत नाहीत हे खरे. परंतु समुद्रकाठी जन्म काढलेल्या माणसाला हिमालयात नेमके काय होते, त्यातले किती टाळता येते आणि त्यासाठी घरी बसून काय करता येते, हे समजून न घेताच निघणारे पुष्कळ असतात. पहिल्या खेपेला मीही तसाच निघालो होतो.

मे महिन्याच्या सुटीचे बेत सुरू झाले की ओळखीचे लोक विचारतात, "अमुक ट्रेक अवघड आहे का हो?" या एका प्रश्नात दोन प्रश्न कालवलेले असतात. रोज किती तास चालायचे, चढ किती उभा, पाठीवर ओझे किती, हा कष्टाचा हिशेब झाला. तो पायांशी आणि दमाशी असतो आणि सरावाने हलका होतो. काही बिघडलेच तर ते कुठवर बिघडू शकते आणि मदत किती लांब आहे, हा धोक्याचा हिशेब झाला; त्यावर आपल्या व्यायामाचा फारसा परिणाम होत नाही. उत्तराखंडातला केदारकंठा हा सुमारे ३,८०० मीटर उंचीचा डोंगर 'सोपा' म्हणून सांगितला जातो, आणि कष्टाच्या मापाने ते खोटेही नाही, कारण तिथे दिवसाला चार-सहा किलोमीटरच चालावे लागते. पावसाळ्यात चोर्ला घाटाखालच्या रानात दिवसभर चिखल तुडवणे कदाचित त्याहून जास्त दमवेल. मात्र सत्तरीच्या रानात पाय मुरगळला तर संध्याकाळपर्यंत माणूस साखळीला डॉक्टरसमोर बसलेला असतो. डिसेंबरात केदारकंठ्याच्या शेवटच्या तळावर मुरगळला तर त्याला शून्याखालची एक रात्र तंबूत काढावी लागते आणि मग खेचराच्या किंवा माणसाच्या पाठीवरून बर्फातून उतरावे लागते. सोपा, मध्यम, कठीण हे शिक्के पायांसाठी असतात. धोक्याचा शिक्का कोणी मारत नाही, तो आपला आपण वाचायचा असतो.

या धोक्याचे मूळ हवेत आहे. "वर ऑक्सिजन कमी असतो" असे आपण सहज म्हणतो, पण हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण कळंगुटच्या वाळूवर आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर सारखेच, सुमारे २१ टक्के असते. बदलतो तो हवेचा दाब. देवळाच्या अग्रशाळेत लग्नाच्या वऱ्हाडासाठी गाद्यांची चळत रचून ठेवलेली असते. त्यातली तळची गादी दबून घट्ट झालेली असते आणि वरची फुगीर राहते, कारण तळच्या गादीवर बाकी सगळ्यांचा भार असतो. आपण किनाऱ्यावरचे लोक हवेच्या या तळच्या गादीत राहतो. जसजसे वर जावे तसतसा डोक्यावरचा भार कमी होतो, हवा सैल होते आणि एका श्वासात मावणारा ऑक्सिजन कमी होत जातो. ३,५०० मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, ५,५०० मीटरवर निम्मा आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम एक-तृतीयांश. छाती पूर्वीइतकीच फुगते, पण आत येणारा माल कमी असतो.

शरीर यावर हातावर हात ठेवून बसत नाही. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ रक्तातला ऑक्सिजन जोखणारे पेशींचे बारीक पुंजके असतात. ते मेंदूला कळवतात आणि श्वास जलद, खोल होऊ लागतो. इथे एक पेच पडतो. जास्त श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, त्यामुळे रक्त किंचित अल्कधर्मी होते, आणि मेंदूतल्या श्वासकेंद्राला ते खपत नसल्यामुळे ते श्वासाला लगाम घालते. एक पुंजका म्हणतो श्वास वाढव, दुसरे केंद्र म्हणते पुरे. हा तंटा मूत्रपिंडे सोडवतात. ती रक्तातला जादा अल्क लघवीवाटे बाहेर टाकतात आणि लगाम हळूहळू सैल होतो. या कामाला काही दिवस लागतात. पहिल्या दोन-तीन रात्री तंबूतून वारंवार बाहेर पडावे लागते ते बरेचसे याच कारणाने, आणि थंडीत कितीही जिवावर आले तरी ते चांगले लक्षण आहे. लघवी टाळण्यासाठी पाणी कमी पिणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की वरच्या कोरड्या हवेत प्रत्येक उच्छ्वासाबरोबरही पाणी जात असते.

तंटा मिटेपर्यंतच्या रात्री विचित्र असतात. शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास चढत जातो, मग उतरत जातो, आणि मग दहा-पंधरा सेकंद काहीच ऐकू येत नाही. आपण अंधारात उठून बसतो, त्याला हलवावे की नाही या विचारात असतो, तोच तो मोठा श्वास घेऊन पुन्हा सुरू होतो. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा माझी झोप पार उडाली होती. उंचीवर असा खंडित श्वास नेहमीचाच असतो आणि केवळ त्यावरून कोणाला आजारी ठरवायचे नसते.

शरीराच्या या जुळवून घेण्याला आपण रुळणे म्हणू. "वर गेले की रक्तातल्या लाल पेशी वाढतात" हे वाक्य सर्वांना ठाऊक असते, पण त्या पेशी पुरेशा वाढायला आठवडे लागतात आणि आठ-दहा दिवसांच्या ट्रेकला त्यांचा उपयोग थोडा. तेवढ्या मुदतीत कामी येतो तो मुख्यतः श्वास. सर्वांत महत्त्वाचे हे की रुळायला लागणारा वेळ व्यायामाने कमी होत नाही. मिरामारच्या वाळूत रोज दहा किलोमीटर धावणारा आणि आठवड्यातून एकदा कसाबसा फिरणारा, या दोघांची मूत्रपिंडे आपापल्याच गतीने काम करतात. उलट धावणाऱ्याला धोका थोडा जास्तच म्हणता येईल, कारण तो भराभर चढतो आणि डोके दुखले तरी ते कबूल करायला त्याला लाज वाटते.

हे आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास सपाटीवरच्या जवानांना अतिउंचीवर एकदम न्यावे लागले. लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला आणि तो आजही या विषयातला पायाभूत अभ्यास मानला जातो. हे सारे जवान होते, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांहून कितीतरी काटक. पुढे १९७६ साली नेपाळमधल्या फेरिचे या ४,२४३ मीटर उंचीवरच्या गावी २७८ पदयात्रींची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत ५३ टक्के लोकांना उंचीचा आजार आढळला, आणि जे वाटेवरच्या लुक्ला या गावापर्यंत विमानाने आले होते त्यांच्यात तो चालत आलेल्यांहून जास्त होता. तेव्हा डोके दुखणे हे नामुष्कीचे कारण नाही. निम्म्या तंबूंत तेच चाललेले असते.

उंचीच्या आजाराची सुरुवात साधी असते. वर पोचल्यावर काही तासांनी डोके दुखू लागते आणि जोडीला मळमळ, भूक मरणे, गळाल्यासारखे वाटणे किंवा चक्कर येते; आदल्या रात्री जास्त झालेल्या माणसाची सकाळ कशी असते ते ज्याला माहीत आहे त्याला आणखी वर्णन नको. विश्रांती, पाणी आणि त्याच उंचीवर आणखी एक रात्र, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. बिघडते ते हे सगळे लपवून पुढे चढल्यामुळे.

आमच्या पहिल्या ट्रेकला हेच झाले. दरड कोसळून वाटेत एक दिवस गेला, म्हणून नेणाऱ्या मंडळींनी विश्रांतीचा दिवस वगळायचे ठरवले. त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण आम्हीही आनंदाने मान डोलावली होती. परतीची तिकिटे आमच्याच खिशात होती. सुमारे ३,६०० मीटरवरच्या तळावर आमच्यातला म्हापशाचा मित्र, जो आम्हा सर्वांत दमदार होता, जेवला नाही. "भूक ना रे, तू जेव," एवढेच म्हणाला. रात्री त्याने कोणाला न सांगता डोकेदुखीच्या दोन गोळ्या घेतल्या. सकाळी मी तंबूबाहेर आलो तेव्हा तो दगडावर बसून बुटाची नाडी बांधत होता. गाठ मारायचा, ती सुटायची, तो तिच्याकडे बघत राहायचा, पुन्हा मारायचा. मला गंमत वाटली. आमच्याबरोबरच्या पहाडी वाटाड्याला मात्र वाटली नाही. त्याने तंबूची दोरी जमिनीवर सरळ पसरली आणि मित्राला तिच्यावरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगितले. चौथ्या पावलाला मित्र डावीकडे कलंडला. त्यानंतर चर्चा झाली नाही; वाटाड्याने त्याची सॅक काढून दुसऱ्याच्या पाठीवर दिली आणि दोघांनी त्याला मधे धरून खाली न्यायला सुरुवात केली. सातशे मीटर उतरल्यावर एका धनगराच्या झोपडीपाशी तो थांबला आणि म्हणाला, "च्या मेळटली काय?" तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

त्या दोरीच्या चाचणीमागे मोठा अर्थ आहे. ऑक्सिजनच्या कमतरतेने मेंदूला सूज येऊ लागली की सर्वांत आधी तोल आणि मग विचार ढळतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोपेच्या गुंगीत जातो, आणि उपचार झाले नाहीत तर एक-दोन दिवसांत दगावू शकतो. ज्या मेंदूने धोका ओळखायचा तोच बिघडलेला असल्यामुळे रोग्याचे "मी ठीक आहे" हे म्हणणे ग्राह्य धरायचे नसते.

दुसरा घातक प्रकार फुप्फुसांचा आहे, आणि तो समजायला थोडे खोलात जावे लागेल. फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात कफ साचून हवा पोचेनाशी झाली, तर शरीर त्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून रक्त दुसरीकडे वळवते. समुद्रसपाटीवर ही फार शहाणी व्यवस्था आहे. उंचीवर मात्र सगळ्याच कोपऱ्यांत ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे वाहिन्या जिकडेतिकडे आणि कमीजास्त आवळल्या जातात, आतला रक्तदाब वाढतो, आणि जिथे वाहिन्या पुरेशा आवळल्या गेल्या नाहीत तिथे तो दाब जाऊन नाजूक केशिकांमधून पाणी पाझरू लागते. माणूस कोरड्या जागी उभा राहून आतून बुडू लागतो. नव्या उंचीवर पोचल्यानंतर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत, बहुधा रात्री, हा आजार डोके वर काढतो. चालताना इतरांहून जास्त मागे पडणे, मग बसल्या जागीही धाप लागणे, सुका खोकला, पुढे छातीत बुडबुडे वाजल्यासारखा आवाज आणि गुलाबी फेसाळ थुंकी, हा त्याचा क्रम. यात डोके दुखलेच पाहिजे असे नाही, म्हणून पुष्कळदा तो सर्दी-खोकला समजून सोडला जातो. उंचीवरचे कोणतेही दुखणे दुसरे काही सिद्ध होईपर्यंत उंचीचेच समजायचे, असा दंडक डॉक्टर सांगतात तो यासाठीच.

या दोन्हींवर खरा उपाय एकच, खाली उतरणे, तेही रात्र असली तरी आणि रोग्याला एकटे न सोडता. साधारण ३०० ते १,००० मीटर उतरल्यावर बहुतेकांना उतार पडू लागतो. ऑक्सिजनचे नळकांडे, मेंदूच्या सुजेसाठी डेक्सामेथासोन, फुप्फुसांसाठी निफेडिपिन, रोग्याला आत ठेवून पंपाने दाब वाढवायची पिशवी, हे सारे उतरणे शक्य होईपर्यंतचा वेळ काढण्यासाठी असते. बरे वाटले म्हणून चढाई पुढे चालू ठेवण्यासाठी यातले काहीही नसते.

आता टाळण्याचे पाहू. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नसावी आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, असा वैद्यकीय सल्ला आहे. दिवसा कुठवर चढलो याला तितके महत्त्व नाही, झोपलो कुठे याला आहे. म्हणून मुक्कामाच्या दिवशी थोडे वर फिरून खाली येऊन झोपणे चांगले. एव्हरेस्टच्या तळछावणीची वाट या नियमाचा नमुना आहे. २,८६० मीटरवरचे लुक्ला, मग ३,४४० मीटरवर नामचे बाजार आणि तिथे दोन रात्री, मग तेंगबोचे, मग ४,४१० मीटरवर दिंगबोचे आणि तिथेही दोन रात्री, मग लोबुचे, गोरक्षेप आणि शेवटी ५,३६४ मीटरवरचा तळ. नामचेला 'फुकट' गेलेला दिवस पाहून कुरकुर करणारे आपल्याकडे कमी नाहीत, पण सारी किमया त्या फुकट दिवसाची असते. कोणत्याही ट्रेकचा कार्यक्रम हाती आला की प्रत्येक रात्रीची उंची एका कागदावर खाली-खाली लिहून काढावी आणि दोन ओळींमधली वजाबाकी करावी. पाच मिनिटांचे काम आहे, आणि माहितीपत्रकातली छायाचित्रे सांगत नाहीत ते ही वजाबाकी सांगते.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, या गोळीबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात: एक म्हणतो घेतलीच पाहिजे, दुसरा म्हणतो ती आजार झाकते. दुसरे म्हणणे चुकीचे आहे. ही गोळी मूत्रपिंडांकडून तो अल्क लवकर बाहेर टाकवते, म्हणजे शरीर जे करणारच होते त्याला हात देते. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते आणि सोड्याच्या पेयांची चव बेचव लागते. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि इतर औषधे चालू असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि खरे तर सर्वांनीच. गोळी घेतली म्हणून दोन मुक्काम गाळता येत नाहीत. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचेही तसेच: ३,५०० मीटरवर आकडा नव्वदीच्या खाली आला म्हणून घाबरू नये आणि चांगला आला म्हणून डोकेदुखी विसरू नये, शिवाय गार बोटांवर तो यंत्राला नीट मोजताच येत नाही.

सॅकेच्या कोपऱ्यात "थंडीसाठी" म्हणून फेणीची बाटली टाकणारा एक तरी गोवेकर प्रत्येक गटात असतो. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे ऊब आल्यासारखी वाटते आणि प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर जाते. शिवाय झोपेत श्वास मंदावतो, जो नेमका वाढायला हवा असतो. झोपेच्या गोळ्यांचाही हाच दोष. बाटली खाली उतरल्यावर उघडावी, तेव्हा तिची चवही जास्त लागते.

आता कष्टांची तयारी, जी गोव्यात उत्तम होऊ शकते. निदान बारा आठवडे हाताशी असावेत. आठवड्यातले तीन-चार दिवस पहाटे, उकाडा चढायच्या आत, पाऊण-एक तास भरभर चालणे किंवा धावणे; एक-दोन दिवस जिने; आणि रविवारी ओझे घेऊन लांबची चाल. पणजीकरांना आल्तिनोच्या पायऱ्या आहेत, मडगावच्या लोकांना पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर आहे, सत्तरी-डिचोलीच्या लोकांना तर सह्याद्रीच अंगणात आहे. सॅकेत पहिल्या आठवड्यात पाच किलोची उकड्या तांदळाची पिशवी टाकावी आणि हळूहळू आठ-दहा किलोंपर्यंत जावे. चढाचा सराव सगळे करतात, उताराचा कोणी करत नाही, आणि हिमालयात गुडघे उतरताना जातात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. त्याची सवय नसेल तर तिसऱ्या दिवशी जिना उतरणेही नको होते. म्हणून डोंगर चढून वर गाडी बोलावणे हा सराव अर्धाच.

बुटांविषयी एक गोष्ट खास आपल्या हवेची आहे. चांगल्या बुटांच्या तळातला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिला की आतून कुजतो. चार वर्षांपूर्वीचे जवळजवळ नवे दिसणारे बूट माळ्यावरून काढून घातले आणि दुसऱ्या दिवशी बर्फात तळ जबडा उघडल्यासारखा सुटून आला, असे प्रत्यक्ष पाहिलेले आहे. गोव्यातला एक पावसाळा म्हणजे चामड्यावर बुरशी आणि रेनकोटच्या आतला लेप चिकट, हे आपण जाणतोच. जुने सामान निघण्याआधी महिनाभर वापरून पाहावे, नवे बूट पन्नास-साठ किलोमीटर चालून पायाला बसवावेत.

थंडीची आपल्याला कल्पनाच नसते, हे मोकळेपणाने मान्य करावे. जानेवारीत मोलेला शाल घेतली की आपला हिवाळा संपतो. दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, पण माणसाला मारतात ती मुख्यतः ओल आणि वारा. आपला लाडका सुती सदरा घामाने भिजला की वाळत नाही आणि अंगातली उष्णता शोषत राहतो. म्हणून अंगालगत घाम बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा कपडा, त्यावर उबेचा, त्यावर वारा-पाणी अडवणारा, असे थर करावेत, आणि घाम येण्याआधी एक काढावा, गारठण्याआधी एक चढवावा. झोपायचे मोजे वेगळे ठेवून ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत. उन्हालाही कमी लेखू नये: अतिनील किरण दर १,००० मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले बरेचसे डोळ्यांवर परत फेकतो. काळा चष्मा न घालणाऱ्याला काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते आणि एक-दोन दिवस तो आंधळ्यासारखा बसून राहतो. पाणी दर ३०० मीटरला साधारण एक अंश आधी उकळते, तेव्हा ४,००० मीटरवर ते ८६-८७ अंशांनाच उकळ्या फोडते; घरून हौसेने नेलेला उकडा तांदूळ कुकरशिवाय तिथे शिजणार नाही, आणि पिण्याचे पाणी उकळी फुटल्यावर निदान तीन मिनिटे तसेच उकळत ठेवावे.

हवामानाबद्दल दोन घटना ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर धडकले आणि दोनच दिवसांनी त्याच्या अवशेषांनी नेपाळच्या अन्नपूर्णा-धौलागिरी भागात असा हिमवर्षाव केला की चाळीसहून अधिक माणसे मेली. ५,४१६ मीटरवरची थोरोंग खिंड ओलांडणारे कित्येक त्यात होते. समुद्रावरचे वादळ ही किनाऱ्याचीच भानगड असे समजणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते विशेष लक्षात घ्यावे. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल वाटेवर मुख्यतः कर्नाटकातून गेलेल्या, वाटाड्यांसह २२ जणांच्या गटाला खराब हवेने गाठले आणि ९ जण दगावले. तो हंगाम ट्रेकचाच होता. दुपारनंतर डोंगरात हवा बिघडते, म्हणून माथा किंवा खिंड गाठायची वेळ आधी ठरवावी आणि ती टळली तर माथा पन्नास पावलांवर असला तरी मागे वळावे.

नेणाऱ्या संस्थेला पैसे भरण्याआधी काही प्रश्न विचारायला संकोच करू नये. परत फिरवण्याचा अधिकार कोणाचा, वाटाड्याचा की कचेरीत बसलेल्याचा? ऑक्सिजन कुठे असतो, प्रत्येक तळावर की फक्त पायथ्याशी? एकाला खाली न्यावे लागले तर बाकीच्यांबरोबर कोण राहते? आपल्या देशात सरकारी परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगता येत नाही, त्यामुळे बहुतेक वाटांवर खबर माणसाच्या पायांच्याच वेगाने खाली पोचते. सर्वांत जवळचे फोन लागणारे ठिकाण किती तासांवर आहे, हेही विचारावे. उत्तर देताना जो हसण्यावारी नेतो त्याच्याबरोबर जाऊ नये, असे माझे मत आहे. विम्याच्या कागदात उंचीची मर्यादा बारीक अक्षरांत असते. ती आपल्या सर्वांत उंच ठिकाणाच्या खाली असेल तर त्या विम्याला अर्थ नाही.

डॉक्टरांकडे निघण्याच्या आठवड्यात सही-शिक्क्यासाठी न जाता दोन महिने आधी जावे आणि कोणत्या उंचीवर किती दिवस राहणार ते लिहून न्यावे, कारण किनाऱ्यावरच्या डॉक्टरांपुढे हा आजार क्वचितच येतो. हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब, पूर्वी उंचीवर झालेला फुप्फुसांचा त्रास हे लपवू नये. स्त्रियांनी विशेषतः हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. विरळ हवेत ऑक्सिजन वाहणाराच अपुरा असेल तर त्रास दुप्पट. मधुमेहींचे इन्सुलिन गोठले की निकामी होते, ते रात्री अंगाशी घेऊन झोपावे. निघताना छातीत सर्दी-ताप असेल तर तो बेत पुढे ढकलावा.

म्हापशाचा तो मित्र दोन वर्षांनी पुन्हा निघाला. यावेळी रजेचा अर्ज तीन दिवसांनी लांब होता आणि परतीचे तिकीट उशिराचे होते. ३,५०० मीटरच्या आसपास एक पूर्ण मोकळा दिवस पडला. त्याने सकाळी मोजे धुतले, दुपारी दोनशे-तीनशे मीटर वर फिरून आला, संध्याकाळी पत्त्यांत हरला आणि कंटाळा आल्याची तक्रार चारदा केली. जेवणाआधी मी त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याने काही न बोलता तंबूची दोरी जमिनीवर पसरली आणि टाचेला अंगठा लावत तिच्या शेवटापर्यंत चालत गेला.